लस घेतली, दोन वर्षांनी थायरॉईड निघाला : दोष सुईचा का?

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यातल्या एका ताईंनी, वय ४१, २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतले. २०२३ च्या दिवाळीनंतर थकवा, वाढतं वजन आणि पाळीच्या तक्रारीसाठी रक्त तपासलं, तर टीएसएच (थायरॉईड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारा हार्मोन) १४.२ आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी) ३०० च्या वर. आता ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. गल्लीत सगळ्यांचं एकच म्हणणं, सुईमुळे झालं. ताई विचारतात की हे लसीमुळेच का, गोळी सुटेल का, तेरा वर्षांच्या मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का, आणि थायरॉईडची जुनी पेशंट असलेल्या ६८ वर्षांच्या सासूबाईंना फ्लूची लस चालेल का.

ताई, तुमचे आकडे आणि तारखा पाहता हा लसीने झालेला थायरॉईड वाटत नाही. हा हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीला हळूहळू निकामी करते तो प्रकार. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि तिशी-चाळिशीत, बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या सुमारास उघड होतो. 'उघड होतो' म्हणण्याचं कारण असं की अँटीबॉडी रक्तात आधी कैक वर्षं असतात. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम भागातल्या लोकांचा २० वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आले. ज्या बायकांचा टीएसएच थोडा वाढलेला होता आणि अँटीबॉडीही होत्या, त्यांच्यापैकी दरवर्षी साधारण ४ टक्के जणींची ग्रंथी पूर्ण मंदावली. नुसत्या अँटीबॉडी असलेल्यांत हे प्रमाण वर्षाला सुमारे २ टक्के होतं. ग्रंथी इतक्या सावकाश खचते. १४ पर्यंत पोचलेला टीएसएच आणि सोबत भरपूर अँटीबॉडी, हे चित्र बहुधा २०२१ च्या आधीच सुरू झालेलं असतं.

आणि हे आपल्याकडे नवीन नाही. देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉईडीझम, म्हणजे ग्रंथी मंदावण्याचा आजार, होता आणि जवळपास २२ टक्के लोकांत अँटी-टीपीओ सापडलं. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या भागातल्या शहरांत प्रमाण थोडं जास्त होतं. तेव्हा कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. १६ जानेवारी २०२१ पासून देशात जवळजवळ प्रत्येक प्रौढाला लस मिळाली. त्यामुळे त्यानंतर ज्याला ज्याला थायरॉईड निघाला, त्याने आधी लस घेतलेली असणारच. नुसतं 'लसीनंतर निघाला' एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. शिवाय २०२१ नंतर फुल बॉडी पॅकेज आणि शिबिरांचं पीक आलं, टीएसएच त्यात फुकटात येतो, आणि पूर्वी जे कधीच सापडलं नसतं ते सापडू लागलं.

म्हणून लसीचा थायरॉईडशी काहीच संबंध नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. संबंध आहे, पण त्याचं रूप वेगळं असतं, आणि ते ओळखता आलं पाहिजे.

लसीनंतर ज्या थायरॉईडच्या घटना नोंदल्या गेल्या त्यात दोन प्रकार ठळक आहेत. पहिला सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिस, म्हणजे ग्रंथीला येणारी दुखरी सूज. हा लसीनंतर साधारण काही दिवस ते काही आठवड्यांत येतो. गळ्याच्या पुढच्या भागात एका बाजूला दुखतं, बोट लावू देत नाही, गिळताना, मान वळवताना कळ कानात किंवा जबड्यात जाते. म्हणून पेशंट आधी दाताच्या किंवा कानाच्या डॉक्टरकडे जातो. काही दिवसांनी दुखणं दुसऱ्या बाजूला सरकतं, ही खास खूण. बारीक ताप, धडधड, घाम, हात थरथरणं. रक्तात टीएसएच खाली, एफटी-४ (थायरॉईडचा हार्मोन) वर, आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ५० च्या वर, कधी १०० सुद्धा. सुजलेल्या ग्रंथीतून साठवलेला हार्मोन बाहेर सांडतो म्हणून तो वाढलेला दिसतो. ग्रंथी नवा बनवत असते म्हणून नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते : टीएसएच शून्याजवळ पाहून कार्बिमाझोल सुरू होतं. ते हार्मोन बनणं थांबवतं, सांडलेल्या हार्मोनवर त्याचा उपयोग शून्य. आणि पुढे काही आठवड्यांनी ग्रंथी रिकामी होऊन आपोआप मंदावते, तेव्हा पेशंट आणखी खाली जातो.

याचा खरा उपचार साधा आहे. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नाही). तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन. ते सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत दुखणं उतरतं, इतकं की तेच निदानाला पुष्टी देतं. मग काही आठवडे टीएसएच वर जातो, कधी १५-२० पर्यंत, आणि बहुतेकांत काही महिन्यांत जागेवर येतो. अंदाजे ५ ते १५ टक्के लोकांत मात्र ग्रंथी कायमची मंद राहते. दुसरी चूक इथे होते : टीएसएच वर असतानाच्या त्या टप्प्यात कुणी गोळी लावली आणि ती पुन्हा कधी तपासलीच नाही, तर बरा झालेला माणूस वर्षानुवर्षं विनाकारण गोळी खात राहतो. आणि हो, खुद्द कोरोनाच्या आजारानंतरही हीच सूज येते. तेव्हा तारखा लावताना लस आणि आजार दोन्ही मांडा.

दुसरा प्रकार ग्रेव्हज, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या चिथावणीने ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते तो आजार. तो दुखत नाही. धडधड, वजन उतरणं, डोळे मोठे दिसणं, भूक लागूनही अंग न धरणं. हाही नोंदला गेला तो लसीनंतरच्या काही आठवड्यांत, आणि त्यातल्या काहींना हा आजार आधीपासूनच होता, तो उसळला. थायरॉयडायटिस आणि ग्रेव्हज वेगळे करायला ग्रंथीचा स्कॅन उत्तम. पण त्यासाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागत असेल, तर आधी टीआरएबी ही ग्रेव्हजच्या अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी करा. तिचा नमुना जळगाव-धुळ्यातून सहज पुढे जातो. कलर डॉपलर सोनोग्राफीतही ग्रेव्हजमध्ये ग्रंथीत रक्तप्रवाह खूप वाढलेला दिसतो, दुखऱ्या सुजेत तो कमी असतो.

लोकसंख्येच्या पातळीवर काय दिसलं? हाँगकाँगमध्ये सुमारे २३ लाख लसधारकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०२२ मध्ये आला. लसीनंतरच्या आठ आठवड्यांत थायरॉईड बिघडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. तिथल्या लसी मात्र फायझरच्या आणि सिनोव्हॅकच्या होत्या, कोव्हिशील्ड-कोव्हॅक्सिन नव्हे, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. सगळे अभ्यास एकसुरात नाहीत. पण हॉस्पिटलच्या नोंदींवर आधारित तुलनेत एक अडचण कायम राहते : लस नियमाने घेणारा माणूस रक्तही नियमाने तपासतो, आणि जो तपासतो त्यालाच सापडतं. माझं मत असं की लस क्वचित एखाद्या तयार बसलेल्या ग्रंथीला ठिणगी लावू शकते. पण दोन वर्षांनी हळूच वाढलेल्या टीएसएचचा आळ तिच्यावर टाकायला आधार नाही.

आता तुम्ही करायचं काम. घरातली जुनी कागदं काढा. बाळंतपणाची फाईल शोधा, गरोदरपणाच्या तपासणीत टीएसएच बहुधा केलेला असतो. ऑपरेशनआधीचे, लाईफ इन्शुरन्सच्या मेडिकलचे, शिबिरातले रिपोर्टही पाहा. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या वेळच्या फाईलीत टीएसएच ५-६ लिहिलेला निघाला, तर वाद तिथेच मिटला. नाही निघाला, तर एवढंच करा : आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला थायरॉईड, पांढरे कोड किंवा लहानपणापासूनची शुगर आहे का विचारा. हे आजार एकाच घरात फिरतात. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा करू नका. एकदा पॉझिटिव्ह आलं की आकडा ३०० आहे की ९००, त्यावर गोळीचा डोस ठरत नाही, आणि लॅब बदलली की आकडाही बदलतो.

टीएसएच चुकीच्या वेळी केला तरी फसवतो. टायफॉईड, डेंग्यू, न्यूमोनिया, कोणतंही मोठं आजारपण उतरत असताना टीएसएच तात्पुरता वाढतो, १० च्या वरही जातो. अशा वेळी निदान करू नये, ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा करावा. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल (१० मिलिग्रॅमवाली बाजारात सर्रास मिळते) तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. अनेक मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि एफटी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे नसलेला ग्रेव्हज कागदावर उमटतो. 'लस घेतली म्हणून' टीएसएच करण्याची गरज नाही. तक्रार असेल तरच करा. दंडावर लस घेतल्यावर त्याच बाजूला काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर गाठी सुजू शकतात. त्या वेळी मानेची सोनोग्राफी केली तर रिपोर्टमध्ये 'लिम्फ नोड' येतो आणि घरात घबराट. निकड नसेल तर ४ ते ६ आठवडे थांबा, आणि सोनोग्राफी करणाऱ्याला लसीची तारीख आणि कोणता हात ते सांगा.

गोळी सुटेल का? तुमच्या बाबतीत बहुधा नाही, आणि स्वतःहून सोडून पाहूही नका. गोळी थांबवून बघण्याला अर्थ तिथे असतो जिथे सुरुवात दुखऱ्या सुजेने किंवा बाळंतपणानंतर झाली, अँटीबॉडी नाहीत, आणि २५-५० मायक्रोग्रॅमवर टीएसएच आरामात खाली आहे. तिथेही सहा महिने ते वर्षानंतर डॉक्टर डोस अर्धा करतात आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघतात. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तर हा प्रयोग अजिबात नको.

पूर्ण मंदावलेल्या ग्रंथीला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. तुमचं वजन ६२ धरलं तर तो आकडा १०० च्या आसपास येतो. पण ग्रंथी अजून थोडं काम करत असेल तर ५०-७५ वरही भागतं. डोस बदलल्यावर टीएसएच ६ आठवड्यांच्या आत करू नका. या औषधाचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ जातोच. याच कारणाने एखादी गोळी विसरली तर आकाश कोसळत नाही. आठवेल तेव्हा त्याच दिवशी रिकाम्या पोटी घ्या. हृदयविकार नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं.

डोस वाढवत नेऊनही टीएसएच खाली येत नसेल, तर आधी गोळी कशी घेतली जाते ते पाहावं. सकाळी उठल्याबरोबर, पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्धा तास, शक्यतो तासाभराने. शेतात पहाटे जाणाऱ्या बायका गोळी आणि चहा एकाच घोटात संपवतात, आणि मग डोस ७५ वरून १२५ वर जातो. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियम, पित्ताची पातळ औषधं यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत ४ तासांचं अंतर हवं. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्या, पण वेळ ठरलेली ठेवा.

खानदेशातली खास अडचण ऊन. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ही थायरॉईडची गोळी, उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींना नाजूक आहे. बाटलीवर छापलेलं तापमान वाचा, २५ किंवा ३० अंशांखाली असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. शंभर गोळ्यांची बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीत, खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर जूनमध्ये टीएसएच का वाढला याचं कोडं पडायला नको. सगळ्यात आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. माठाच्या तिवईखाली गार असतं म्हणून तिथे नको, ओल लागते. झाकणातली सिलिकाची पुडी फेकू नका, गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका. उन्हाळ्यात महिन्याचाच साठा घ्या.

खाण्याबद्दल भीती फार पसरवली जाते. बाजरीतल्या काही घटकांमुळे थायरॉईडच्या कामात अडथळा येतो हे खरं आहे. सुदानमध्ये मुख्यतः बाजरीवर जगणाऱ्या आणि आयोडीन कमी मिळणाऱ्या लोकांत गलगंड जास्त दिसला. पण घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर हिवाळ्यातली बाजरीची भाकरी बंद करण्याची गरज नाही. कळण्याच्या भाकरीने तर काहीच बिघडत नाही. कोबी शिजवून खा. घरगुती मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. अडचण होते ती खडामीठ किंवा सैंधव रोजच्या भाजी-आमटीत वापरणाऱ्या घरात. लोणच्या-पापडापुरतं ठीक. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका, हाशिमोटोत जास्तीचं आयोडीन ग्रंथीला आणखी मंदावतं.

मुलीची लस. जरूर द्या. आईला हाशिमोटो आहे म्हणून मुलीला एचपीव्ही लस नाकारण्याचं कारण नाही. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये जवळपास १० लाख मुलींच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातल्या सुमारे ३ लाख मुलींनी ही लस घेतलेली होती. २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात लसीमुळे ऑटोइम्यून आजार होतात असा पुरावा मिळाला नाही, थायरॉईडचे आजारही त्यात धरलेले होते. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. एक डोसही पुरेसा ठरू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलं. आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. या वयाच्या मुली सुई पाहून चक्कर येऊन पडतात, म्हणून लस बसवूनच घ्या आणि नंतर १५ मिनिटं बसू द्या. तिला पुढे कधी थायरॉईड निघालाच, तर त्याचं कारण बहुधा आईकडून आलेली शरीराची ठेवण असेल. म्हणून तिची मान, उंची आणि पाळी यांकडे तसंही लक्ष असू द्या.

सासूबाईंना फ्लूची लस पावसाळ्याआधी द्या, दंडात दिली जाणारी. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. थायरॉईडची गोळी त्या दिवशीही नेहमीसारखी. हाशिमोटो म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असणं नव्हे, हा गैरसमज डॉक्टरांकडेही कधीकधी दिसतो. त्यांचा टीएसएच मात्र एकदा बघा. या वयात तो ०.१ वर आणून ठेवला असेल तर हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं हा धोका लसीपेक्षा कितीतरी मोठा आहे. सत्तरीनंतर तर टीएसएच ४ ते ६ दरम्यान असला तरी बहुतेकदा चालतो.

लसीबाबत सावध राहायचं ते दोन ठिकाणी. घरात कुणी कार्बिमाझोलवर असेल, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि लसीनंतर तापासोबत घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर 'लसीचा ताप' म्हणून झोपू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी कोसळतात. दुसरं, ग्रेव्हजमुळे डोळ्यांवर सूज येऊन स्टिरॉईडचा मोठा कोर्स चालू असेल (प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त) तर गोवर-रुबेला, कांजिण्या अशा जिवंत लसी कोर्स संपल्यावर निदान महिनाभर नाहीत.

रुबेलाचं नाव आलं म्हणून : गरोदरपणी आईला रुबेला झाला तर त्या बाळात पुढे थायरॉईडचे आजार आणि मधुमेह यांचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणजे बाळाला ९ ते १२ महिन्यांत आणि मग १६ ते २४ महिन्यांत मिळणारी एमआर (गोवर-रुबेला) लस पुढच्या पिढीची थायरॉईडही राखते. नवजात बाळाचा टीएसएच मात्र लसीच्या कार्डावर नसतो, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. टाचेतून थेंबभर रक्त, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत. बाळंतपण माहेरी आणि पुढच्या लसी सासरी, या प्रवासात तो रिपोर्ट हरवतो. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा बाळाची कावीळ लांबलेली, रडणं घोगरं, बेंबी बाहेर आलेली, शी दोन-तीन दिवसांनी, अशी लक्षणं असतील तर सिस्टरला त्याच दिवशी सांगा. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर मेंदूवर सहसा परिणाम होत नाही. पुढे प्रत्येक आठवडा महाग पडतो.

कोणत्याही लसीनंतर महिना-दीड महिन्यात गळ्याला दुखरी सूज किंवा धडधड सुरू झाली, तर ती नोंदवा. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा एएनएम (आरोग्य सेविका) लसीकरणानंतरच्या त्रासाचा फॉर्म भरून जिल्ह्याला पाठवतात. खासगी डॉक्टरलाही नोंदवता येतं. थेट सांगायचं असेल तर औषध-दुष्परिणाम नोंदणीचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. लसीचं नाव, बॅच नंबर, डोसची तारीख, लक्षण सुरू झाल्याची तारीख, आणि मधल्या काळात ताप किंवा कोरोना झाला होता का, एवढं हाताशी ठेवा. बॅच नंबर तुमच्या लसीच्या प्रमाणपत्रावर छापलेला असतो. ईएसआर आणि पहिला टीएसएच याच आठवड्यात करून घ्या. दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत ती सूज ओळखता येत नाही.